फुटला तरी चालेल असा डबा

संगणकात विंडोजऐवजी टाकायचं लिनक्स कोणतं घ्यावं यावरून इंटरनेटवर माणसं एकमेकांच्या उरावर बसतात. एक म्हणतो हे हलकं, दुसरा म्हणतो ते नवं, तिसरा दोघांची अक्कल काढून निघून जातो. घरच्या घरी नेटवर्कची लॅब चालवायची तर कोणतं लिनक्स, कोणत्या मशीनवर, कसं बसवायचं, याची ही भांडणं मी महिनोन्महिने वाचली. वाचताना मनात यायचं, बाबांनो, तुमच्यापैकी एकाच्याही घरी मशीनला लाथ घालणारा माणूस राहत नाही. माझ्या घरी राहत होता. म्हणून माझी निवड वेगावरून झाली नाही. मार खाल्ल्यावर काय शिल्लक राहतं, यावरून झाली.

तो माणूस म्हणजे माझे वडील. त्यांना 'ते' म्हणायची जिभेला सवय आहे म्हणून 'ते' लिहिते. त्यात आदर शोधू नये. सावनेरकडच्या कोळसा खाणीत पाणी उपसणाऱ्या पंपांवर त्यांनी नोकरी केली. त्या आवाजात त्यांचे कान अर्धे गेले. निवृत्त झाल्यावर आम्ही नागपुरात, मानेवाड्याच्या पलीकडे, दोन खोल्यांच्या घरात राहायला आलो. ते दारू पीत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण ऐकणारे पहिल्यांदा तेच विचारतात आणि नाही म्हटलं की त्यांना मीच खोटी वाटायला लागते. सुपारीचं खांडही नाही. सकाळी लवकर आंघोळ, धुतलेला बनियन, गल्लीतल्या प्रत्येकाची विचारपूस. आणि घरात शिरले की मारायचे. आईला जास्त, मला कमी.

त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी वस्तू, मग माणूस. तुमच्या हातात जे असेल ते आधी हिसकून फोडायचं आणि मग तुमच्याकडे वळायचं. कप असेल तर कप, परात असेल तर परात चेपायची. आईने यावर स्वतःपुरता उपाय काढला होता. दारात त्यांच्या चपला वाजल्या की ती हातातलं सगळं खाली ठेवायची. भाजी निवडत असली तर सुरी खाली, चहा पीत असली तर कप खाली. रिकाम्या हातांनी उभी राहायची. माणूस फुटला तर आपोआप भरून येतो, पण वस्तू फुटली तर नवी आणावी लागते, असा तिचा हिशेब होता. तिने स्वतः कधी काही फेकलेलं मी पाहिलं नव्हतं.

मला मात्र राग वारशात मिळाला आहे. दुसरं काही मिळण्यासारखं नव्हतं. धंतोलीतल्या एका दवाखान्यात मी नेटवर्कचं काम करायचे. रिपोर्ट दिसेना की मला हाक, प्रिंटर रुसला की मला हाक. टेबलाखाली शिरून वायर खोचताना वरून कोणी आवाज चढवला की मी बाहेर येऊन त्याच्या तोंडावर असं काही बोलायचे की पुढचे काही दिवस तो मला ताई म्हणायचा. बसमध्ये एकाच्या कानाखाली लावली होती, अजून हात गोड लागतो. घरात मात्र मी हात उचलत नसे. त्याचं कारण पुढे सांगते.

मला एकच गोष्ट करायची होती. आईला त्या घरातून बाहेर काढायचं होतं. त्यासाठी पुण्यातली मोठी नोकरी हवी होती, आणि त्या नोकरीसाठी एक प्रात्यक्षिक परीक्षा पास व्हायची होती. त्या परीक्षेत तुमच्यापुढे मुद्दाम बिघडवलेलं नेटवर्क टाकतात आणि दिलेल्या वेळात ते नीट करायला लावतात. सराव करायचा तर ढीगभर राउटर पाहिजेत. ते कोणाच्या घरी असतात? म्हणून संगणकाच्या पोटातच खोटे राउटर उभे करायचे, त्यांना खोट्या वायरी जोडायच्या आणि पुन्हापुन्हा बिघडवून दुरुस्त करायचे. यालाच लॅब म्हणतात. लॅब रोज चालली तर परीक्षा, परीक्षा झाली तर नोकरी, नोकरी लागली तर आई माझ्याबरोबर पुण्याला. मी इतकं साधं गणित मांडून बसले होते.

पहिली लॅब माझ्या लॅपटॉपवर होती. त्यात विंडोज, विंडोजमध्ये एक खोटं मशीन, त्या खोट्या मशीनमध्ये लिनक्स आणि त्याच्या आत राउटर. एकावर एक मजले चढवले होते आणि पाया कच्चा होता. चार राउटर चालू केले की लॅपटॉपला धाप लागायची. त्या दुपारी मी कानात इयरफोन घालून शिकवणीचा व्हिडिओ ऐकत होते आणि बाबांनी पाणी मागितलेलं मला ऐकू आलं नाही. स्वतःला ऐकू येत नाही याचा त्यांना राग नव्हता, पण दुसऱ्याने ऐकलं नाही तर ते पेटायचे.

"बहिरी झाली का वं तू?" एवढंच म्हणाले. लॅपटॉप उचलला आणि स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडेवर आपटला. एकदा, मग पुन्हा, झाकण लोंबायला लागेपर्यंत. मग तोच माझ्या डोक्यात घातला. कानशिलापासून भुवईपर्यंत सूज आली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी दार लागल्याचं सांगितलं. दवाखान्यात काम करणाऱ्या माणसांना दार लागल्यावर कशी सूज येते ते नीट माहीत असतं, पण कोणी काही बोललं नाही.

दुसऱ्या वेळी मी सीताबर्डीतून एका ऑफिसने विकलेला जुना डेस्कटॉप आणला. आडवा, काळा, जाड पत्र्याचा डबा. त्यात रॅम भरपूर टाकली. अर्ध्या डिस्कवर विंडोज ठेवलं आणि अर्ध्यावर लिनक्स, कारण सगळे तसंच करा म्हणत होते. मशीन चालू करताना विचारतं, आज कोण पाहिजे. मधे खोटं मशीन न ठेवता लिनक्स थेट लोखंडावर बसलं की लॅब कशी पळते ते मला तेव्हा कळलं. पण मॉनिटरचा पडदा समोरच्या खोलीत होता आणि प्लग बाबांच्या पलंगाजवळ. मनात आलं की ते प्लग ओढायचे. लिहिता लिहिता वीज गेली की डिस्कवरचं अर्धवट राहतं; तसं होत होत एक दिवस लॅब उघडलीच नाही. सगळं पुन्हा बसवलं. पुन्हा प्लग ओढला गेला. मी तोंडातल्या तोंडात शिवी दिली. नेमकी तीच त्यांना ऐकू आली.

त्यांनी खलबत्त्यातला बत्ता आणून पडद्यात घातला. माझं डोकं फिरलं. दुसऱ्यांदा बत्ता उगारला तसं मी त्यांचं मनगट धरलं, आणि धरून ठेवलं. माझ्या हातात जोर होता आणि तो त्यांना कळला. त्यांनी बत्ता सोडून दिला, माझ्याकडे शांतपणे पाहिलं, दाराशी रिकाम्या हातांनी उभ्या असलेल्या आईला जवळ ओढलं आणि तिची करंगळी मागे वाकवली. माझ्याकडे पाहत पाहतच. आवाज आला. आई ओरडली नाही, नुसती खाली बसली.

"आता धर माहा हात," बाबा म्हणाले.

मी घरात हात का उचलत नसे, ते हे. त्यानंतर धंतोलीत आईने डॉक्टरांना सांगितलं की मोरीत पाय घसरला. करंगळी वाकडीच जुळली. त्या घरात माझ्या रागाची फी आई भरत होती.

तिसऱ्या वेळी मी लोकांच्या सल्ल्यांवर फुली मारली आणि स्वतःचे नियम केले. काळा डबा तोच, पण त्याला पडदा नको, दुरून इंटरनेटवरूनच चालवायचा, म्हणजे फोडायला तोंडच नको. विंडोज नको. दिसायला छान असलेलं काहीही नको. मी डेबियन नावाचं लिनक्स घेतलं, कारण ते रोज नवं काही करून दाखवत नाही. बसवलं की बसून राहतं. डिस्क अशा तऱ्हेने लावली की मधेच वीज गेली तर मागचं शाबूत राहील. आणि मुख्य म्हणजे लॅब मशीनमध्ये ठेवलीच नाही. कोणता राउटर, कोणाची वायर कोणाला, कोणाला काय पढवायचं, हे सगळं साध्या मजकुराच्या फायलीत लिहून ठेवता येतं. ती फाईल मशीनला वाचायला दिली की ते तेवढी लॅब उभी करतं. फायलीची एक प्रत इंटरनेटवर, एक माझ्या फोनमध्ये. डबा गेला तर दुसरा डबा आणायचा, लिनक्स टाकायचं, फाईल वाचायला द्यायची. जे फुटेल त्यात आपलं काही ठेवायचंच नाही, एवढाच माझा सगळा शोध होता.

थंडीचे दिवस होते. आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, करंगळी वेगळी काढून. बाबा पेन्शनच्या कामाला बँकेत गेले होते. मी तिला हे सगळं सांगितलं. मशीन हा शब्द तिच्या तोंडी बसत नसे, ती डबाच म्हणायची.

"म्हणजे हा डबा फुटला तरी चालते?"

"चालते."

"जळला तरी?"

"जळला तरी. माहं सगळं दुसरीकडं हाय. नवीन डब्यात परत जसंच्या तसं होते."

ती बराच वेळ शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "लय चांगलं केलं वं पोरी. घरात अशी एक तरी वस्तू पायजे होती."

तेव्हा मला ते कौतुक वाटलं.

डबा ठेवायचा कुठे, हे तिनेच सुचवलं. नागपुरात प्रत्येक घराच्या खिडकीबाहेर लोखंडी कूलर असतो. उन्हाळा संपला की तो कोरडा करून, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांनी बांधून ठेवतात आणि होळी होईपर्यंत त्याच्याकडे कोणी बघत नाही. "कूलरमंदी ठेव," आई म्हणाली. "तुह्या बापाले आयकू येत नाही, पंखा वाजला तरी समजणार नाही." आमचा कूलर मागच्या खोलीच्या खिडकीला होता. मी त्याच्या आत, टाकीच्या वर, विटांवर फळी टाकून डबा बसवला. वायर कूलरच्याच प्लगमधून घेतली. वरून पोती पुन्हा बांधली.

तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा होता. धंतोलीत जेवणाच्या सुट्टीत मी सर्व्हरच्या खोलीत जेवणाचा डबा उघडून एका हाताने पोळी खायचे आणि दुसऱ्या हाताने घरच्या लॅबमध्ये शिरायचे. वायरी तोडायचे. भरात चाललेला राउटर मारून टाकायचे. त्याच्या शेजाऱ्यांना पत्ता लागायला किती वेळ लागतो, ते दुसरा रस्ता कसा शोधतात, हे बघायचे. दिवसभरात मनात साचलेलं सगळं मी त्या खोट्या राउटरांवर काढायचे आणि मग त्यांना पुन्हा उभं करायचे. आई दुपारी अंगणात कपडे वाळत घालायला गेली की पोत्याची कड उचलून आतल्या डब्याचा दिवा बघायची आणि मला फोन करायची. "हिरवा लागून राहिला," म्हणायची आणि फोन ठेवायची.

घरातलं बाकी सगळं जसं होतं तसंच चालू होतं. भाकरी कडक झाली म्हणून तवा भिंतीवर गेला. गॅसवाल्याशी दोन शब्द जास्त बोलली म्हणून आईच्या कानाखाली बसली आणि त्या कानातून पाणी येत राहिलं. मी दातावर दात दाबून परीक्षेचे दिवस काढत होते. मनातल्या मनात मी बाबांना इतक्या वेळा आणि इतक्या प्रकारांनी मारलं होतं की एखाद्या दिवशी ते समोर धडधाकट बसलेले दिसले की मलाच दचकायला व्हायचं.

परीक्षा होळीच्या आधी होती. ती पुढे ढकलली गेली. आणि त्या वर्षी ऊन लवकर आलं.

सुट्टीचा दिवस होता. डबा संध्याकाळी हलवू, बाबा फिरायला गेले की, असं आईचं आणि माझं ठरलं होतं. दुपारी जेवण झाल्यावर बाबा अंगात बनियन आणि हातात पाना घेऊन मागे गेले. "कूलर लावतो," म्हणाले. आम्ही दोघी ताटांवरून उठेपर्यंत त्यांनी पोती फाडून काढली होती आणि एका बाजूची जाळी खोलली होती. आत काळा डबा होता आणि त्याचा हिरवा दिवा लागलेला होता.

"हे काय वं?"

मी म्हटलं, "माहं हाय."

त्यांच्या हातात काहीतरी होतंच: कूलरची जाळी, लोखंडी चौकटीची. त्यांनी ती आडवी फिरवली. माझ्या कपाळावर बसली आणि डोळ्यात रक्त उतरलं. दुसरा फटका खांद्यावर आला. तिसऱ्याला मी चौकट धरली. माझा हात वर गेला, मूठ वळली, आणि मी ती उघडली, कारण बाबांनी माझ्याकडे पाहणं सोडून आईकडे पाहिलं होतं. त्यांनी जाळी टाकली आणि आईचा हात धरला. तोच हात.

"घरात चोरून इज जाळून राहिल्या दोघी," ते म्हणाले. "हिवाळाभर. माह्या घरात."

आई म्हणाली, "थांबा. मी काढून देतो तुमाले."

तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पाणी आणून देते म्हणताना असायचा तसा. बाबांनी हात सोडला. ती कूलरजवळ गेली, आत वाकली, वायर ओढून काढली. हिरवा दिवा गेला. दोन्ही हातांनी तिने डबा बाहेर काढला. उन्हाळाभर याच कूलरमध्ये बादल्या ओतणारे हात होते ते, तिला तो जड नव्हता. बाबांनी हात पुढे केला. नेहमीची पद्धत. आधी वस्तू.

आई माझ्याकडे वळली. "फुटला तरी चालते ना वं?"

मला वाटलं, ती माझी समजूत घालते आहे. आता हे फोडतील, तू मनाला लावून घेऊ नको, असं. डोळ्यात रक्त होतं, नीट दिसत नव्हतं. मी म्हटलं, "चालते."

तिने डबा डोक्याच्या वर नेला आणि बाबांच्या पुढे केलेल्या हातावर आणला.

तो आवाज मी करंगळीच्या वेळी ऐकला होता, फक्त हा मोठा होता. बाबा गुडघ्यावर आले. त्यांना काय झालं ते कळलंच नसावं, कारण ते आईकडे न बघता माझ्याकडे बघत होते. तिने डबा पुन्हा उचलला आणि खांद्यावर मारला. पत्रा आत गेला, गळपट्टीचं हाड गेलं. बाबा अंगणात आडवे झाले आणि लहान मुलासारखे ओरडायला लागले. तिच्या तोंडावर राग नव्हता, गोधडी धोपटताना असतं तसं तोंड होतं. तिसऱ्या वेळी तिने डबा डोक्याच्या रोखाने उचलला तेव्हा मी तिला मागून धरलं. धरायला मी थोडा उशीर केला. तो मुद्दाम केला, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

आम्ही तिघं एकाच ऑटोत बसून धंतोलीला गेलो. बाबा मधे, आम्ही दोघी दोन बाजूंना. माझ्या कपाळाला टाके पडले, त्यांच्या हाताला प्लास्टर. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. आई स्टुलावर बसली होती, हात मांडीवर, वाकडी करंगळी सगळ्यांना दिसेल अशी.

"कूलर पडला अंगावर," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी एकदा करंगळीकडे पाहिलं आणि तसंच लिहून घेतलं. मला हसू आलं. कपाळाचे टाके ताणले गेले तरी ते आवरेना, म्हणून मी बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून हसले.

डब्यात काही राहिलं नव्हतं. मी तसाच दुसरा आणला, डेबियन टाकलं आणि फाईल वाचायला दिली. या वेळी मी ते समोरच्या खोलीत, मॉनिटरचा पडदा जोडून, बाबांच्या पलंगासमोर केलं. आईने चहा टाकला. तो उकळून कपात येईपर्यंत सगळे राउटर एकामागून एक उठून उभे राहिले, एकमेकांना ओळखायला लागले.

"सगळं आलं?" आईने विचारलं.

"सगळं."

"याले काही आठवते का, काय झालं ते?"

"नाही."

"बरं हाय त्याचं," ती म्हणाली आणि बाबांना चहा पाजायला बसली. त्यांचा उजवा हात गळ्यात होता. ती बशी ओठांना लावायची आणि ते मुकाट्याने प्यायचे.

परीक्षेत मी पास झाले. समोर आलेलं बिघडलेलं नेटवर्क माझ्या लॅबपेक्षा सोपं होतं. मी कितीतरी वाईट बिघाड स्वतःच्या हाताने केले होते. पुण्याची नोकरी मिळाली. मी खोली बघून ठेवली, दोघींना पुरेल अशी, खिडकीतून झाड दिसेल अशी. घरी येऊन आईला म्हटलं, बॅग भर.

"मी नाही येत," आई म्हणाली.

"काहून?"

"आता काहून जाऊ? आता मले इथं भेव नाही लागत. घर माहं हाय. इतके वर्सं भेऊन राहिली, आता जरा निवांत राहू दे."

मी भडकले. ज्याच्यासाठी मी लॅपटॉप डोक्यात खाल्ला, जाळी कपाळावर खाल्ली, ते सगळं ती एका वाक्यात परत करत होती. मी ओरडले. काय काय बोलले ते आठवत नाही. तुला मार खायचीच सवय लागली आहे, असंही बोलले असेन. तिच्या हातात चहाचा कप होता. मी आवाज चढवला तसा तिने तो हळूच खाली ठेवला, आणि रिकामे हात घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

तेवढं मला कोणत्याही मारापेक्षा जास्त लागलं, आणि अजून लागतं.

निघायच्या दिवशी मी डब्याच्या वायरी काढायला घेतल्या. आई म्हणाली, "तो ठेवून जाय."

"तुले काय करायचं त्याचं?"

तिने बाबांकडे पाहिलं. प्लास्टर निघालं होतं. बाबांनी उजवा हात मांडीवरून उचलला आणि चादरीखाली नेला. मी वायरी पुन्हा लावल्या. माझं त्यात काही नव्हतंच. फाईल फोनमध्ये होती.

पुण्यात मी दुसरी लॅब उभी केली. तरी रोज सकाळी कामाला बसण्याआधी नागपूरच्या डब्याला इंटरनेटवरून एक साद घालायचे. तो लगेच उत्तर द्यायचा. प्लग ओढला गेला नाही, दिवा हिरवा आहे, घरात सगळं ठीक आहे, असं मी त्यातून समजायचे. मग आईला फोन करायची गरज वाटत नसे.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी उत्तर आलं नाही. पुन्हा साद घातली. नाही. मी घरी फोन लावला, आणि तो बाबांनी उचलला. त्यांनी याआधी कधी फोन उचलल्याचं मला आठवत नाही.

"तू येऊन जाय ना वं पोरी," ते म्हणाले. "तुह्या मायनं डबा मारला मले. पायावर."

"तुमी काय केलं होतं?"

"काही नाही. भाजीत मीठ नव्हतं. ताट सरकवलं."

"सरकवलं?"

"फेकलं," ते म्हणाले.

पाय मोडला का, दवाखान्यात कोणी नेलं का, हे मी विचारायला हवं होतं. मला भीतीही वाटायला हवी होती. मला आनंद झाला, अगदी पोटातून झाला, आणि मी त्यांना म्हटलं, "आईले फोन द्या."

आई फोनवर आली. धाप लागली नव्हती तिला. तिने मला जेवलीस का विचारलं. मग म्हणाली, "त्या डब्याचा दिवा गेला वं. परत बनते ना?"

"बनते."

"मंग दुसरा पाठव."

मी पाठवला.